"बर्फच गेला की तळंही जाईल" म्हणे!

रेवती_के
काल इथे आर्क्टिकच्या बर्फाच्या चर्चेत कुणीतरी ठोकून दिलंय की हिमनदी वितळली की तिने अडवलेलं तळंही जाणार, पुराचं कारणच संपणार, मग बोंब कशाला. वाचून डोकंच फिरलं. अलास्कात जुनोजवळच्या मेंडनहॉल हिमनदीला बाजूने मिळणारी छोटी हिमनदी मागे सरकली, खळगा उरला, त्यात पाणी साठतं आणि मेंडनहॉलचा बर्फच त्याला बांध. २०११ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात ते बर्फाखालून सुटतं. २०२३ला नदीकाठचं अख्खं घर कोसळलं, २०२४ला तीनशेच्या आसपास घरांत पाणी, २०२५ला नदीची पातळी १६.६५ फूट, आधीचे सगळे विक्रम मोडून. हे संपलेलं वाटतं?

घाटमाथा
तो "कुणीतरी" मीच. ताई, आधी नकाशा बघा, जुनो ५८ अंशावर, आर्क्टिकमध्ये येतच नाही. आणि बर्फाचा बांध म्हणजे काँक्रीट नव्हे. पाण्याची खोली बर्फाच्या जाडीच्या नऊ-दशांशाजवळ गेली की बर्फ उचलला जायला लागतो, पाणी खाली शिरतं आणि वाहता वाहता स्वतःच बोगदा रुंद करतं. बांध पातळ झाला की थोड्या पाण्यातच सुटणार, म्हणजे पूर लहान. २०२३ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पेपर आलाय, १९०० पासून असे मोठे लोंढे कमी झालेत. हे कोण शेअर करतंय?

रेवती_के
अर्धंच वाचलंत. लहान "आणि लवकर" असं आहे त्यात. आर्क्टिकच हवंय ना, ग्रीनलंड घ्या. कांगरलुसुआकजवळ रसेल हिमनदीच्या कडेचं तळं वीसेक वर्षं गप्प होतं, २००७ला सुटलं, पुढच्याच वर्षी परत. आर्क्टिक सर्कलच्या वर आहे, आता नकाशा तुम्ही बघा.

बंड्या_नागपूरकर
ते राहू द्या, मेंडनहॉलसमोर रेनकोट घालून फोटो कोणी टाकले होते हो? क्रूझने धूर सोडत जायचं अन् इथे आम्हाला शिकवायचं.

रेवती_के
आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी होती. तुमच्या खिशातून गेले नव्हते.

जुना_जोगी
मी मर्चंट नेव्हीत इंजिनाला होतो. ८८ साली तिथे उतरलो तेव्हा नगेट धबधबा बर्फाला खेटून पडायचा, मुलाने परवा फोटो पाठवला त्यात बर्फ कुठल्या कुठे गेलाय. आणि धुराचं म्हणाल तर जुनोत २००१ पासून काही क्रूझना धक्क्यावरूनच वीज देतात, इंजिन बंद.

बंड्या_नागपूरकर
धक्क्यावर बंद! तिथवर काय वल्हवत नेतात का?

जुना_जोगी
तुम्ही नागपूरहून पुण्याला बैलगाडीने जाता का, तेही सांगा.

घाटमाथा
झालं, क्रूझवर गाडी घसरली. २०२५ला पाणी जास्त होतं तरी बहुतेक घरं वाचली, कारण वाळू भरलेल्या जाळीच्या पेट्यांची भिंत घातली होती. बंदोबस्त करा, रडू नका, एवढंच म्हणणं आहे.

रेवती_के
बंदोबस्त! २०१९ला सांगलीत सासूबाईंच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. फ्रिज तरंगत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन आडवा झाला, त्यात कैरीचं लोणचं तसंच, बरणीवर गाळाची रेघ. लोंढे कमी झालेत हे त्या फ्रिजला जाऊन सांगा.

घाटमाथा
सांगलीत हिमनदी कुठून आली? आमच्याही दुकानात पाणी आलंय, म्हणून मी पेपर वाचायचं सोडत नाही.

रेवती_के
मग हेही वाचा. बांध पातळ होतो तसा खळग्यातला बर्फही वितळतो, जागा वाढते, जास्त पाणी मावतं. तुमचं "पूर लहान" तिथेच आपटतं.

घाटमाथा
बरं बाई, जुनोपुरतं मान्य. सध्या वाढतोय. पण बांध पार खचला की तिथलं तळं उरणार नाही, हे मी सोडणार नाही.

रेवती_के
तोवर तिथल्या लोकांनी माळ्यावर राहायचं, धन्य आहे. आणि वर हटत्या बर्फामागे नवा खळगा उघडला की परत पहिलीपासून.

बंड्या_नागपूरकर
जोगीकाका, एक विचारू? आमच्या सौ.चं जूनसाठी टुमणं लागलंय. क्रूझवर शाकाहारी नीट मिळतं का?