ज्वालामुखीच्या 'राखे'ला राख म्हणावं का?

मांडवीकाठ: सातवीच्या मुलांसाठी पिनातुबोवर पाठ लिहितेय. फिलिपाईन्समधला हा डोंगर 15 जून 1991 ला फुटला. नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळ येऊन थडकलं आणि पावसात भिजलेल्या राखेच्या भाराने छपरं कोसळून शेकडो माणसं दगावली. वर्गात हे वाचलं तर एक मुलगी म्हणाली, "बाई, राखेनं छप्पर कसं पडेल? आमची आजी तांबड्या भाजीवर राख मारते, ती वाऱ्यानं उडून जाते." तिची शंका रास्त आहे. ही राख जळून उरलेली नव्हेच. शिलारसात कोंडलेले वायू सुटतात तेव्हा दगडाचा आणि काचेचा जो चुरा उडतो, त्यातला दोन मिलिमीटरपेक्षा बारीक तो हा. भिजला की भलताच जड होतो. दुसरा शब्द आहे का?

डिचोलीकर: राखच ठेवा. 2010 साली आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे युरोपातली विमानं दिवसेंदिवस जमिनीवर होती, तेव्हा वर्तमानपत्रांत राखच छापून येत होतं. वाचकाला कळलं की झालं.

मांडवीकाठ: भाई, पण काय कळलं? 1982 साली जावाच्या गालुंगगुंगवरून जाताना एका जम्बो विमानाची चारही इंजिनं बंद पडली. कण इंजिनात वितळून आतल्या भागांना चिकटले म्हणून. राख म्हटलं की काच डोळ्यांसमोर येतच नाही.

सांगेकर: खडकधूळ म्हणा. किंवा वैद्यांचा 'वस्त्रगाळ' घ्या, बारीकपणा तरी कळेल.

डिचोलीकर: वस्त्रगाळ विशेषण आहे, आणि दोन मिलिमीटरचा कण वस्त्रातून गळत नाही. शिवाय राख हा शब्द 'रक्षा'पासून आला. इतका जुना शब्द टाकून खडकधूळ कशाला घडवायची?

केपेंकार: कोकणीत तर राखेला गोबर म्हणतात. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या सोलापूरच्या वहिनीला सासूने "चुलीतलो गोबर काड" म्हटलं, ती बराच वेळ चुलीपाशी शेण शोधत राहिली. माझ्या मते गोवरी जाळून जे उरतं ते गोबर, म्हणून अर्थ शेणावरून राखेवर सरकला. शब्द सरकतात, भाषा बिघडत नाही.

डिचोलीकर: मग राखही सरकू दे की ज्वालामुखीपर्यंत!

सत्तरीकार: शेतकरी म्हणून बोलतो. आमच्याकडे राख म्हणजे पिकाला चांगली. 1783 साली आइसलँडमध्ये लाकीचा उद्रेक झाला, तेव्हा फ्लोरिनने विषारी झालेलं गवत खाऊन निम्म्याहून जास्त जनावरं मेली आणि मागोमाग दुष्काळात माणसं. जावात भात पिकतो तो अशाच मातीत, हे खरं. पण ताजी पडलेली राख म्हणजे माती नव्हे. दगड झिजून माती व्हायला काळ जावा लागतो. मुलांना चांगली राख आणि ही राख वेगळी सांगाच.

जुनाजाणता: आधी 'ज्वालामुखी' तपासा. ज्वाळा जिच्या मुखात ती, म्हणजे हे देवीचं नाव. कांगड्याच्या ज्वालामुखी देवळातल्या ज्योती भूगर्भातल्या वायूवर जळतात, तिथे शिलारस नाही. डोंगराला 'अग्निपर्वत' म्हणायला हवं.

केपेंकार: अग्निपर्वत कोण म्हणतो हो? अंदमानच्या बॅरन बेटालाही सगळे ज्वालामुखीच म्हणतात.

जुनाजाणता: सगळे म्हणतात म्हणून शुद्ध होत नाही. तुमच्या पिढीने 'उद्रेक'सुद्धा साथीच्या रोगाला देऊन टाकला.

सांगेकर: उद्रेक म्हणजे अतिरेक, वाढ. वैद्यकात पित्ताचा उद्रेक आधीपासून आहे. डोंगराला 'फुटला' हेच ठीक. आमचे आजोबा बांधही फुटला म्हणायचे आणि गळूही.

मांडवीकाठ: माझा पाठ सोमवारी द्यायचाय. सध्या 'दगडाची राख' लिहिलंय.

डिचोलीकर: दगड जळत नाही, बाय.

सत्तरीकार: राहू दे तसंच. मूल "दगडाची कशी?" विचारेल, तिथेच समजावता येईल. आणि त्या राखेचा पावसाबरोबर जो लोंढा येतो, जावानीजमध्ये लाहार, त्याला काय लिहिलंत? 1985 मध्ये कोलंबियाचं आर्मेरो गाव बर्फ वितळून आलेल्या तशाच लोंढ्याखाली गेलं, वीस हजारांवर माणसं गेली.

जुनाजाणता: पंकप्रवाह.

केपेंकार: रेंद्याचा, म्हणजे चिखलाचा, लोंढा म्हणा, गोव्यातल्या पोरांना लगेच कळेल.