अभ्यास गट आणि ग्रामसभा

'संशोधक येतात, मुलाखती घेतात, पीएचडी झाली की गावाकडे फिरकत नाहीत' ही गावांची संशोधकांबद्दलची तक्रार रास्तच आहे. पण त्यावर उपाय म्हणून नुसता अहवाल मराठीत करून पाठवणं पुरेसं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट चालत आला. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे त्यात बसत, गावकऱ्यांसोबत खल करत. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. मधमाश्यांच्या पोळ्याचा मधाचा भाग तेवढाच कापायचा, माश्या मारायच्या नाहीत, हेही असंच अभ्यासातून आलं.

२००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे एकत्र अभ्यासाची ही सवय होती. नुसत्या मोर्चांनी (तेही लागतातच म्हणा) दावा उभा राहत नाही.