शोधनिबंधात कंसातील संदर्भ नेमका कोठे द्यावा?

प्रश्न : अकरावीतील विद्यार्थिनी, परळ

नमस्कार. इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी १८९६ च्या मुंबईतील प्लेगच्या साथीवर सुमारे अडीच हजार शब्दांचा निबंध मराठीत लिहीत आहे. दहावीपर्यंत आम्ही शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असे शीर्षक देऊन पुस्तकांची आणि संकेतस्थळांची नावे लिहीत असू व तेवढे पुरत असे. या वेळी मॅडमनी मसुदा परत करताना जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या समासात ‘हे कोठून?’ असे लाल शाईने लिहिले आहे आणि एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या संस्थेने ठरवलेल्या) पद्धतीने मजकुरातच कंसात संदर्भ द्यायला सांगितले आहे. माझी अडचण अशी की, हा विषय मी चार पुस्तके वाचूनच शिकले, त्यामुळे माझे बहुतेक प्रत्येक वाक्य कोणाचे तरी आहे. मग प्रत्येक वाक्यापुढे कंस द्यायचा, की परिच्छेदाच्या शेवटी एकदाच दिला तरी चालेल? शिवाय एक पुस्तक इंग्रजी आहे. त्यातील मजकूर मी स्वतः मराठीत आणला, तर ते शब्द माझेच झाले ना?

उत्तर : निवृत्त इतिहास शिक्षक, दादर

मॅडमनी समासात जो प्रश्न लिहिला आहे, तो वाचकाच्या मनात येण्याआधीच त्याचे उत्तर देणे हे कंसाचे काम आहे, आणि ज्या वाक्यावर तो प्रश्न येणारच नाही तेथे कंसाची गरजही नाही. साथ १८९६ मध्ये आली, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात ती ओळखली, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला, या गोष्टी कोणत्याही चांगल्या संदर्भग्रंथात सारख्याच सापडतात व त्यांबद्दल वाद नाही. त्या संदर्भाविना लिहिल्यास चालतात. मृत्यूंचा आकडा मात्र संदर्भाशिवाय कधीही लिहू नकोस. रुग्णालयात नेतील या धास्तीने लोक घरातील आजारी माणूस लपवत असत, त्यामुळे सरकारी नोंद कितपत पुरी आहे हाच मुळात प्रश्न आहे, आणि तू कोणाचा आकडा घेतलास हे वाचकाला कळलेच पाहिजे. एखाद्या अभ्यासकाचे मत किंवा त्याने लावलेली कारणे घेतलीस, तरी हाच नियम.

परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस दिल्यास त्यातील किती वाक्ये लेखकाची आणि किती तुझी, हे कळायला मार्ग उरत नाही. समजा, जोशी आडनावाच्या लेखकाच्या पुस्तकातील ४२ व्या पानावरून तू माहिती घेतलीस. मग असे लिही : ‘साथीच्या भीतीने गिरणी कामगार गावी निघून गेले आणि उरलेल्यांना टिकवण्यासाठी मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली, असे जोशी सांगतात (४२). कामगारांना आपल्या ताकदीची जाणीव येथे झाली असावी, असे मला वाटते.’ लेखकाचे नाव वाक्यातच आल्यामुळे कंसात फक्त पान उरले, आणि कंस मिटल्यावर तुझे बोलणे सुरू झाले. वाक्यात नाव नसेल, तर (जोशी ४२) असे लिहायचे : मध्ये स्वल्पविराम नाही, ‘पृ.’ नाही, आणि पूर्णविराम कंसानंतर.

भाषांतराबद्दल थोडे स्पष्टच सांगतो, कारण मराठीत लिहिणारी मुले येथेच सर्वाधिक चुकतात. शब्द मराठी झाले तरी विचार आणि शोध मूळ लेखकाचाच राहतो, म्हणून संदर्भ द्यावाच लागतो. तू वाक्य जसेच्या तसे भाषांतरित केले असशील, तर ते अवतरणचिन्हांत घाल आणि ‘भाषांतर माझे’ असे नमूद कर.

उत्तर : ग्रंथालय कर्मचारी, गिरगाव

सरांनी सांगितलेल्यात कामाच्या दोन गोष्टी जोडते. पुष्कळ विद्यार्थी नव्या पुस्तकात उद्धृत केलेला जुना अहवाल वाचतात आणि संदर्भ थेट त्या अहवालाचा देतात, जणू तो त्यांनी हातात घेतला होता. तसे करू नये. मूळ लेखकाचे नाव वाक्यात घ्यावे आणि कंसात ‘उद्धृत, जोशी ५७’ असे लिहावे. त्याहून चांगले म्हणजे मूळ ग्रंथच पाहावा. एडवर्ड्स यांनी सिद्ध केलेले मुंबई शहराचे गॅझेटियर १९०९-१० मध्ये तीन खंडांत निघाले. अशा ग्रंथाचा संदर्भ देताना आधी खंड, मग अपूर्णविराम आणि मग पान येते. नमुन्यादाखल दुसऱ्या खंडाचे ६० वे पान असेल, तर (एडवर्ड्स २: ६०). संगणकावर वाचत असशील, तर पडद्यावरचा पान क्रमांक घेऊ नकोस, पानावर छापलेला घे, कारण मुखपृष्ठ व प्रस्तावनेमुळे दोन्हींत फरक पडतो.

दुसरे असे की, टिपण काढतानाच पान लिहून ठेव. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी दोन वह्या भरून सुंदर अक्षरात टिपणे काढली होती, पण त्यांत पाने लिहिली नव्हती. पुढे एका वाक्याचे पान शोधण्यात अख्खी दुपार गेली, ते वाक्य सापडले नाही आणि शेवटी मला आवडता मुद्दाच काढून टाकावा लागला. त्याची खंत अजून वाटते.

विद्यार्थिनी

सर, ताई, मनापासून आभार. काल रात्री दुसरा परिच्छेद याप्रमाणे पुन्हा लिहिला, तेव्हा त्यात माझे स्वतःचे एकच वाक्य होते हे लक्षात आले, म्हणून आणखी दोन लिहिली. एक शंका उरली आहे : माझ्या यादीत पाटील आडनावाचे दोन लेखक आहेत.

निवृत्त इतिहास शिक्षक, दादर

मग आडनावाआधी आद्याक्षर दे : (अ. पाटील ३१) आणि (स. पाटील ८). दोघांचीही आद्याक्षरे सारखी असतील, तर पूर्ण नाव लिही. आणि ती दोन नवी वाक्ये मॅडमना आवर्जून दाखव.