स्पेन: एक फोटो शहराचा, एक डोंगराचा (अनुभव धागा)

माद्रिदला राहायला आल्यापासून माझ्याकडे दोन प्रकारचे फोटो साठत गेलेत. आठवडाभर गल्ल्या, मंडई, चौक. सुट्टीच्या दिवशी सिएरा दे ग्वादार्रामाचे डोंगर. दोन्हींत माणसं तीच. शनिवारी मंडईत मासळीच्या रांगेत माझ्यापुढे असणाऱ्या आजी रविवारी सकाळच्या लोकलमध्ये पाठीला सॅक लावून, दोन काठ्या गुडघ्यांत धरून बसलेल्या दिसतात. इथलं शहर डोंगरावाचून पुरतं कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा. स्पेनमध्ये राहत असाल, शिकून परत गेला असाल, तर एक प्रचि (प्रकाशचित्र) शहराचं द्या, एक डोंगरातलं, आणि ते कसं मिळालं ते लिहा. कॅमेरा कुठला याला महत्त्व नाही.

सुरुवात माझ्यापासून.

शहर: रविवारी रास्त्रोचा जुना बाजार भरतो. रिबेरा दे कुर्तिदोरेसच्या उतारावरच्या गर्दीचे फोटो सगळेच काढतात. मी खाली कांपियोच्या चौकात जाते. तिथे अल्बममध्ये चिकटवायच्या, आकडे घातलेल्या स्टिकर्सची अदलाबदल चालते. या फोटोत आजोबा आणि नातू आहेत. आजोबांच्या हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद, त्यावर अल्बममध्ये हव्या असलेल्या स्टिकर्सचे नुसते आकडे. जे स्टिकर मिळालं त्याचा आकडा खोडलेला. नातू समोरच्या मुलाचा गठ्ठा भराभर चाळतोय. "आहे, आहे, आहे, नाही!" त्या "नाही"ला उजळलेला चेहरा मला मिळाला. आजोबांना विचारून फोटो काढला आणि पुढच्या वेळी छापील प्रत नेऊन दिली. स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा हक्क आहे, असं इथला 1982 चा कायदा सांगतो. पण कायदा नसता तरी विचारायलाच हवं.

डोंगर: पेन्यालारा (2428 मीटर) हे ग्वादार्रामाचं सर्वांत उंच शिखर, त्याचे फोटो ढिगाने मिळतील. मी वाल्साईनचं पाइनचं जंगल देतेय. तिथल्या झाडांची साल बुंध्याशी करडी आणि वर केशरी असते. उन्हं तिरपी झाली की फक्त वरचा भाग पेटतो. हा फोटो जूनमधला, रात्री नवाच्या पुढचा! स्पेन 1940 पासून मध्य युरोपच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे तेव्हा इथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. फोटो काढणाऱ्याला यासारखं सुख नाही.

बार्सिलोनाहून

छान धागा. माझं शहराचं प्रचि सप्टेंबरातल्या मेर्सेच्या उत्सवातलं, मानवी मनोऱ्याचं. पण वरून नाही, तळातून. तळाच्या गर्दीला इथे पिन्या म्हणतात आणि बाहेरच्या माणसालाही त्यात हात लावू देतात. मी एका काकूंच्या मागे उभा होतो. मान खाली, छाती पुढच्याच्या पाठीला टेकलेली, हात पुढे ताठ. वर काय चाललंय ते खालच्यांना दिसतच नाही. ग्राया नावाचं सनईच्या जातीचं वाद्य वाजत असतं, त्याच्या सुरावरून कळतं की थर चढतायत, की मूल टोकाला पोचलं. मोबाईल घेऊन पिन्यात कोणी शिरू देत नाही, म्हणून फोटो नंतरचा आहे: मनोरा उतरल्यावर काकू कंबरेचा काळा पट्टा सोडतायत, पलीकडचं टोक नवऱ्याने ताणून धरलंय. तो पट्टा कित्येक मीटर लांब असतो. पाठीला आधार तोच आणि वर चढणाऱ्याच्या पावलाला पायरीही तीच.

मी ठाण्यात वाढलो, दहीहंडीचे थर लहानपणापासून बघतोय. इथे मला सर्वांत भावलं ते हे, की मनोरा लागला म्हणजे काम झालं असं धरतच नाहीत. टोकावरच्या मुलाने हात वर केला की टाळ्या होतात, पण सगळे थर धड उतरले तरच तो मनोरा पूर्ण. आपल्याकडेही उतरण्याला एवढाच मान मिळावा असं मनापासून वाटतं.

डोंगर: मोंसेरात, त्याचं सांत जेरोनी शिखर, 1236 मीटर. लांबून बोटांसारखे दिसणारे सुळके जवळून पाहिले तर नदीतले गोटे एकमेकांना चिकटवल्यासारखे. म्हणून फोटो अगदी हातभर अंतरावरून काढलाय.

ग्रानादाहून

शहराचा फोटो देत नाही. इथला आल्हाम्ब्राचा राजवाडा सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याऐवजी डोंगरातलं जरा सविस्तर लिहिते, चालेल ना?

सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर आल्पुखार्रा आहे. पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी पांढरी गावं एकाच दरीत एकावर एक बसलेली; वर मुलाथेन, 3479 मीटर, इबेरियन द्वीपकल्पातलं सर्वोच्च शिखर. लोक शिखरासाठी येतात. मी मात्र पाटांच्या काठाने चालते. मुस्लिम राजवटीत खणलेले हे पाट वितळलेल्या बर्फाचं पाणी डोंगराच्या अंगाने वळवत नेतात. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. पाटाचं पाणी, पाळी, दारं धरणं हे सगळं रक्तातलं, त्यामुळे पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाय निघेना.

इथलं वैशिष्ट्य असं की काही पाट पाणी शेतापर्यंत नेण्यासाठी नसतातच. बर्फ वितळतं तेव्हा ते पाणी वरच्या खडकाळ उतारावर मुद्दाम सोडून देतात. ते जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यात, नेमकं हवं तेव्हा, खालच्या गावांच्या झऱ्यांना येतं. पाट मातीचा असतो, पाझरतो, आणि त्या पाझरावर काठाने चेस्टनटची झाडं उभी राहतात. सिमेंट घातलं की ती वाळतात.

प्रचि: पाटकरी काका. इथेही हा माणूस आहे, गावाने नेमलेला. एका हातात कुदळ, दुसऱ्या हाताने चपटा दगड उचलून फट बंद करतायत. दगडाभोवती हिरवळीचं ढेकूळ ठोकून बसवलंय, पाणी अजून थोडं निसटतंय. मी त्यांना विचारलं, "हे दगडाचं कोणी शिकवलं?" म्हणाले, "बघून." त्यांच्यानंतर गावात कोणी तयार नाही, याची मला खरंच काळजी वाटते. 2014 पासून ग्रानादा विद्यापीठाच्या पुढाकाराने स्वयंसेवक आणि शेतकरी मिळून बुजलेले पाट उपसतायत. कोणी ग्रानादात शिकायला येणार असेल तर नक्की जा. फावडं ते देतात.

ओविएदोहून

शहर: सिद्राची, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या पेयाची, गल्ली. बाटली डोक्यावर, पेला मांडीशी, आणि ओतणारा पेल्याकडे बघतच नाही, समोर बघतो. बारीक धार पेल्याच्या काठावर फुटते तो क्षण पकडलाय.

डोंगर: कारेसची घळ. वीजप्रकल्पाच्या कालव्याच्या देखभालीसाठी कातळात कोरलेली वाट, पोन्थेबोस ते काईन, एका बाजूने साधारण 12 किलोमीटर. बहुतेक ठिकाणी कठडा नाही, खाली नदी. फोटोसाठी मागे सरकू नका. आधी थांबा, पाय रोवा, मग कॅमेरा काढा. वरून शेळ्या चालल्या तर दगड येतात.

पुण्याहून

पाटकरी काकांचा फोटो मोठा करून बघितला, ताई. फार सुंदर. ऑक्टोबरात माद्रिदला मुलीकडे येतोय. आम्ही दोघंही साठीचे, पर्वती रोज चढतो. कुठे जावं?

माद्रिदहून

काका, पर्वती रोज चढता म्हणजे ग्वादार्रामाच्या पायथ्याच्या थेर्थेदिया गावी सहज जमेल. आतोचा किंवा चामार्तीनहून सी-8 लोकल. गावातून फुएन्फ्रियाच्या दरीत रोमन रस्ता म्हणून ओळखली जाणारी जुनी फरसबंद वाट चढते. खिंडीपर्यंत नाही गेलात तरी पाइनचं जंगल भरपूर मिळेल. पायवाटांवर रंगाच्या दोन पट्ट्या असतात. फुली दिसली तर ती वाट तुमची नाही. वर वारा असतो, मफलर ठेवा. अडचणीत 112 ला फोन करा. आणि काकूंना सांगा, फोटो त्यांनी काढलेले असतील तर त्यांच्याच हातून लिहिलेलं वाचायला आवडेल.