मदत हवी आहे : फैजपूर काँग्रेसमधले पणजोबा

मंडळी, आमचं मूळ गाव यावल तालुक्यातलं. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू-चटयांनी सजवलेल्या टिळकनगरात, म्हणजे अधिवेशनाच्या त्या छावणीत, आमचे पणजोबा महिनाभर बैलगाडीनं बांबू वाहत होते, असं घरात सांगतात. आजी म्हणायची, "तुह्या पंजानं नेहरूले पाह्यलं व्हतं!" (बोलणं झालं की नाही, हे दर दिवाळीला बदलायचं.)

परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. त्यात वाळवीनं कोपरा खाल्लेली खादीची टोपी आणि चार घड्यांची मोडीतली चिठ्ठी निघाली. '1936' आणि 'गाडीभाडे' एवढंच कसंबसं लागतं. भाडं घेतलं की सोडलं, यावर काकांचं आणि बाबांचं आत्ताच वाजलंय.

मोडी वाचून देणारं जळगाव-भुसावळकडे कुणी आहे का? आणि अधिवेशनातल्या स्वयंसेवकांच्या याद्या कुठे पाहायला मिळतील? तेव्हाचा जिल्हा पूर्व खानदेश, म्हणून दप्तर नेमकं कुठे शोधावं कळेना. कुणाच्या घरी त्या वेळचे फोटो असतील तर तेही दाखवा. पणजोबांचा आमच्याकडे एकही नाही.