मदत हवी आहे: वाचकांचे पैसे गेटवेवाल्यांनी अडवलेत

कुर्लापूर्व: कुर्ला-चेंबूर-गोवंडीच्या बातम्यांचं आमचं पोर्टल आहे. पुनर्विकास, एल आणि एम पूर्व वॉर्डातली कामं, पाणी, पालिकेच्या शाळा. गूगलच्या जाहिरातींतून सर्व्हरचं भाडंही सुटत नाही. बिल्डरची जाहिरात घेतली की त्याच्याच प्रकल्पाची बातमी काढून टाका म्हणून फोन. म्हणून 'देणगी द्या' बटण टाकलं, तर ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेने पैसे रोखून कागद मागितलेत. लवकर सांगा, दोघांचे पगार अडलेत.

खिळेजुळारी: कसले कागद? ट्रस्ट आहे, कंपनी आहे की तुमच्याच नावावर?

भांडुप_लाइव्ह: पोर्टल वाचतं कोण आता? यूट्यूबवर या. १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास झाले की जाहिरातीचे पैसे सुरू.

खिळेजुळारी: सुरू होतात हो, येतात किती ते सांगा. नालेसफाईच्या टेंडरवर ४००० तास कोण बसणार? तुम्हीही शेवटी वडापावच दाखवता.

भांडुप_लाइव्ह: त्या वडापावनेच कॅमेऱ्याचे हप्ते फेडले, काका.

चेकनाका: प्रेस कार्डासाठी अधिस्वीकृती लागते. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे अर्ज करा.

कुर्लापूर्व: प्रेस कार्ड कोणी मागितलंय? प्रोप्रायटरशिप आहे, माझ्या नावावर. एक पेमेंट परदेशी कार्डावरून आलंय, त्याचा खुलासा हवाय त्यांना.

आकडेमोड: मग हे आधी सांगायचं ना! देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला?

कुर्लापूर्व: आपल्या नेहरूनगरचाच मुलगा, आता न्यू जर्सीत असतो. पासपोर्ट कशाला विचारू?

आकडेमोड: विचाराच. एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे बातम्या देणाऱ्यांना परदेशी देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासीचे स्वतःच्या बचतीतले पैसे, बँकेमार्फत आलेले, त्यात मोडत नाहीत. ओसीआय कार्डवाला, म्हणजे मूळचा भारतीय पण पासपोर्ट तिकडचा, तो मात्र परदेशी नागरिकच. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर पैसे परत करा. नेहमीच्या धंद्यात दिलेल्या सेवेची फी देणगीत धरत नाहीत, तेव्हा ते बटण काढा आणि रीतसर वर्गणी ठेवा, पावतीसकट. छापील पेपराला जीएसटी नाही, ऑनलाइन वर्गणीला १८ टक्के. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. सीएला एकदा दाखवा.

पार्लेश्वर: वर्गणी म्हटलं की लोक गणपती मंडळ समजून दार लावतात. मराठी माणूस बातमीला पैसे देत नाही. बाळशास्त्रींचं 'दर्पण' १८३२ ला याच मुंबईत निघालं आणि १८४० ला बंद पडलं.

भांडुप_लाइव्ह: आठ वर्षं चाललं की! यूट्यूब असतं तर...

खिळेजुळारी: पुरे. कुर्लापूर्व, बातमी फुकटच राहू द्या. फ्लॅटच्या व्यवहाराआधी वकील पेपरात जाहीर नोटीस देतात, शेअर सर्टिफिकेट हरवलं तरी देतात. कित्येक छोटे पेपर त्यावरच तगलेत, मी तिथेच पाने लावलीत. तुमच्या भागातल्या नोटिसा आणि पुनर्विकासाच्या घडामोडी वेचून दर शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सोसायट्यांचे सेक्रेटरी त्याचे पैसे देतील.

आकडेमोड: दरमहा घेणार असाल तर यूपीआय ऑटोपे लावा, पैसे आपोआप वळते होतात.

कुर्लापूर्व: सेक्रेटरी ऑटोपे करतील?

चेकनाका: आमचा नाही करणार. आधी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत ठराव, मग दोन सह्यांचा चेक. पावतीवर जीएसटी नंबर नसेल तर खजिनदार भांडतो.