दाढेला चीर गेलीय म्हणतात, पण एक्स-रेत काहीच नाही?

गिरगावकर_नाना: मंडळी, दीड महिन्यापूर्वी गावाहून आलेला डिंकाचा लाडू खाताना खालच्या उजव्या दाढेतून कट्ट असा आवाज आला, तेव्हापासून त्या बाजूने खाल्लं की कधी काहीच नाही आणि कधी एकदम मस्तकात कळ. बरं, चावताना नाही, दात उचलला की जास्त. गार पाण्यानेही सणक जाते. त्या दाढेत जुनं चांदीचं फिलिंग आहे. एक डॉक्टर म्हणाले एक्स-रे क्लीन आहे, टूथपेस्ट बदला, दुसरे म्हणतात क्रॅक आहे, कॅप घाला. कोणाचं ऐकू? आपोआप भरून येतं का ते?

भांडुपचा_बंड्या: नाना लवंगेचं तेल लावा, आमची आजी तेच लावायची

वडापाव_विदाऊट_चटणी: आजीला शेवटी कवळी लागली असेल रे 😄 नाना, मी आठ महिने डाव्या बाजूने जेवून काढले, ऑफिस, लोकल, वेळच नाही. मग हिरडीला फोड आला, चीर मुळापर्यंत गेलेली, दाढ काढावीच लागली. थांबू नका.

दंतवैद्य_दादर: मी डेंटिस्ट आहे. तुम्ही लिहिलंय ते चीर गेल्यासारखंच वाटतंय, विशेषतः दात उचलल्यावरची कळ. चीर बहुतेक वेळा पुढून मागे जाते आणि एक्स-रे गालाच्या बाजूने काढतात, म्हणून ती दिसत नाही, त्यात पहिल्या डॉक्टरांचा दोष नाही. दाढेच्या एकेका टोकावर छोटी काडी चावायला देऊन, लाइट मारून किंवा निळा रंग लावून शोधावी लागते. हाड जुळतं, दात जुळत नाही. नस ठीक असेल तर कॅपवर भागतं, आधी टेम्पररी घालून कळ थांबते का बघतात. गार प्यायल्यावर कळ बराच वेळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणकत असेल तर आधी रूट कॅनल. मोठं जुनं फिलिंग असलं की बाजूच्या भिंती कमजोर होतात, लाडू फक्त निमित्त. तोवर सुपारी, बर्फ, मटणाची नळी बंद.

भांडुपचा_बंड्या: नळी बंद म्हणजे रविवारच बंद 😭

वडापाव_विदाऊट_चटणी: खर्चाचं टेन्शन असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज बघा, विद्यार्थी करतात पण सर येऊन तपासतात, सकाळी लवकर जा.

गिरगावकर_नाना: डॉक्टरताई, थँक्यू. डॉक्टरांनी काडी चावायला देऊन बघितलं, मागच्या टोकावर ओरडलोच मी. उद्या टेम्पररी कॅप. अजून एक, आमची ही म्हणते तुम्ही झोपेत कराकरा दात खाता, त्याने पण होतं का?

दंतवैद्य_दादर: हो, मोठं कारण आहे ते! नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर) लागेल, पण पक्की कॅप बसल्यावरच माप द्या, आधी केलात तर कॅपनंतर तो बसणार नाही. आणि वहिनींना सांगा, निदान त्यांनीच केलं.